अनंताची कावीळ

नागाव, ता. १४ मार्च १९३४

माधव,

रविवार, ता. ११ मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. अनंताच्या तेराव्याची पंगत उठली होती. तू ओटीवर लोडाला टेकून सुपारी कातरत बसला होतास आणि गावातल्या सगळ्या शहाण्या माणसांदेखत आपल्या सख्ख्या भावाबद्दल म्हणालास, "अनंताचं यकृत दारूनं गेलं. आता लपवून काय उपयोग?"

वेळ मला नेमकी सांगता येते, कारण त्या क्षणी मी माजघरातल्या घड्याळाला किल्ली देत होते. ते काम अनंताचे. तो गेल्यापासून कुणाला सुचले नव्हते, घड्याळ बंद पडले होते, आणि खिशातले घड्याळ मी तुझ्याचकडून मागून आणले होते. तुझ्या घड्याळावर वेळ लावली आणि तुझेच वाक्य ऐकले.

तुला कुणी काही विचारले नव्हते. गोष्ट नारळाच्या भावाची चालली होती. भटजी नुसते "असं होय" म्हणाले आणि दिवेलागणीपर्यंत ते सगळ्या नागावात, आक्षीत आणि पार रेवदंड्यात पोचले. तू दुसऱ्या दिवशी पहाटे माणगावला आपल्या दवाखान्यात निघून गेलास. आम्ही इथेच राहतो.

तू पाहिले नसशील, म्हणून सांगते. उंबऱ्यात कुमुद उभी होती, विड्याचे तबक घेऊन. चौदा वर्षांची पोर. तिने तबक खाली ठेवले नाही, पाडले नाही, रडली नाही. सगळ्यांना विडे दिले, तुलाही दिला, आणि आत गेली. तेव्हापासून तिने बापाचे नाव घेतलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी वाडीत गेली आणि माडावरून उतरणाऱ्या हिरामणला म्हणाली, "उद्यापासून या वाडीत पाय ठेवू नका."

हिरामण तुला ठाऊक आहे. आपले काही माड तो माडीसाठी घेतो, त्याच्या बापाने घेतले होते तसे. तो माझ्याकडे आला, खाली बसला आणि डोक्याचे फडके सोडून त्याने तोंड पुसले.

"बाय, मी माडी इकतो. कोन पितो नि कोन न्हाय, ह्ये माज्याहून कोनाला ठावं? गावातले कोनकोन माज्या दारी येतात त्यांची नावं सांगू?"

"नको. मला त्यांच्याच पंगतीला बसायचं असतं."

"अनंताभाऊंनी कवा हात लावला न्हाय. सकालची ताजी निरा द्येत व्हतो, तर म्हनायचे, नको रे, पोटात कल येते. आन् डाक्टरसायेब म्हनतात..." त्याने पुढचे वाक्य गिळले. तुझा मान राखला. तुझ्यापेक्षा जास्त.

तू त्याच ओटीवरच्या माणसांना लिहून कळव की तू बोललास ते खोटे होते. मी दुसरे काही मागत नाही.

आणि एक. परवापासून कुमुदचे डोळे पुन्हा हळदुले झाले आहेत. ती काय प्यायली, ते तूच सांग.

नीराबाई

नागाव, ता. ३ एप्रिल १९३४

माधव,

तुझे कार्ड मिळाले. उघडे कार्ड. आपला पोस्टमन कार्ड वाचूनच आत देतो, त्यामुळे "अक्का, वैद्यकातले तुला काय कळते" हे गावाला माझ्या आधी कळले. हे पत्र पाकिटात आहे आणि खळ मी स्वतः लावली आहे.

तू लिहितोस, अनंताचे यकृत सुजलेले तू हाताने चाचपलेस, लघवी काळी होती, शौच पांढरे होते, सगळे अंग खाजत होते, असे यकृत दारूशिवाय होत नाही. यातले शेवटचे वाक्य सोडून मी काहीच नाकारत नाही. पण तू पाहिलेस ते शेवटचे चार दिवस. मी शाळेतून निवृत्त होऊन इथे आले त्याला पाच वर्षे झाली. त्या पाच वर्षांत अनंताचे डोळे किती वेळा पिवळे झाले आणि निवळले याची गणती नाही, आणि दर खेपेला त्याची लघवी पाण्यासारखी स्वच्छ असे. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. हे वाचून तुला ओशाळे वाटेल. "बायकांनी असलं बोलू नये," असे तू इथेही म्हणाला होतास. बाराव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीला बाबांनी कॉन्व्हेंटात घातले, तेव्हा तिथल्या मदरने मला पहिल्याच वर्षी शिकवले की आजाऱ्याचे भांडे आपण धुवायचे, आणि धुण्याआधी त्यात पाहायचे. तुमच्या कॉलेजात बहुधा पाहायचे काम भंग्यावर सोडतात.

त्याच्या उजव्या कुशीत कळ उठे तेव्हा तो माडाला मिठी मारून उभा राही. मग हिरामण त्याला खांद्याला धरून घरी आणी. दोघांचेही पाय वाकडे पडत, एकाचे दुखण्याने, दुसऱ्याचे ओझ्याने. माडी काढणाऱ्याच्या खांद्यावर पिवळ्या डोळ्यांचा ब्राह्मण. गावाला आणखी काय पुरावा हवा? पण तू गाव नव्हेस. तू डॉक्टर आहेस.

आता मी काय केले ते सांगते. तुला कुठूनतरी कळणारच. ठमीला म्हटले, माझ्या जुन्या शाळेत बक्षीस समारंभ आहे, कुमुदला नेते, मुलीचे मन रमेल. ठमीने लेकीला नवे परकर-पोलके घालून दिले. आम्ही रेवसहून बोटीने मुंबईला गेलो. समारंभ नव्हता.

बोटीत कुमुद कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत होती. म्हणाली, "आत्या, बाबा प्यायचे ते माझ्या डोळ्यांत उतरलंय का?"

मी म्हटले, "तुझे आजोबा तपकीर ओढायचे, म्हणून मला शिंका येतात का?"

ती हसली नाही. मला वाटले होते हसेल.

माझी एक विद्यार्थिनी, सरोजिनी, मुंबईला एका इस्पितळात रक्त तपासण्याच्या खात्यात डॉक्टर आहे. शाळेत भागाकारात कच्ची होती आणि वाद घालण्यात पक्की. तिने कुमुदचे बोट टोचले नाही, दंडातून चांगले नळीभर रक्त घेतले. मग माझेही घेतले. समोर घोडीवर काचेच्या नळ्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीत मिठाचे पाणी, पहिलीत सर्वांत खारट, पुढे पुढे आळणी. दोन रांगा. एकीत माझ्या रक्ताचे थेंब, दुसरीत कुमुदच्या. आणि आम्हाला दोघींना बाहेर बाकावर बसवून ठेवले. परत बोलावले तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्हीच पाहा. तुम्ही आम्हाला पाहिल्याशिवाय काही मानायला देत नव्हतात."

मी पाहिले. माझ्या रांगेत बऱ्याच नळ्यांपर्यंत रक्त तळाशी लाल ठिपक्यासारखे बसले होते आणि वरचे पाणी नितळ होते. कुमुदच्या रांगेत त्याच ताकदीच्या पाण्यात तळाशी काही नव्हते. सगळे पाणीच लाल. पेशी फुटून विरघळून गेल्या होत्या.

तिने मला सूक्ष्मदर्शकातही दाखवले. म्हणाली, "आपली लाल पेशी ताटलीसारखी, मध्ये खोलगट. हिच्या बघा, गोट्यांसारख्या, टम्म. जराशा पाण्यानं फुटतात. आपल्या पेशी कित्येक आठवडे जगतात, हिच्या थोड्या दिवसांत मरतात. पाणथरी, म्हणजे प्लीहा, त्यांना पकडून मोडते. मोडल्या की आतला लाल रंग पिवळा होतो, आणि तो पिवळा रंग उपसायचं काम यकृतावर पडतं."

"म्हणजे हिचं यकृत आजारी नाही?"

"आज नाही. ते बिचारं दुसऱ्याचं काम उपसतंय. पण वर्षानुवर्षं इतका रंग उपसला की पित्ताचे खडे होतात. एखादा खडा नळीत अडकला, की मग लघवी काळी, शौच पांढरं, अंगाला खाज. मग यकृत तुंबतं, सुजतं, सडतं. बाई, हिच्या वडिलांना उजव्या कुशीत कळा यायच्या का?"

माधव, मी तीस वर्षे मुलींना आरोग्यशास्त्र शिकवले. मी त्या स्टुलावरून उठले. डोळ्यांसमोर तो माडाला मिठी मारलेला अनंता होता.

हा रोग आईकडून किंवा बापाकडून येतो. ठमीचे डोळे दुधासारखे पांढरे आहेत, जन्मभर होते. तेव्हा तू कागद घेऊन बस आणि विचार कर. दारू नव्हती. यकृत शेवटी गेले हे खरे, पण त्याला मारले रक्ताने.

उपाय आहे. पाणथरी काढून टाकायची. तिच्याच इस्पितळातले गोरे सर्जन करतात. पेशी तशाच गोल राहतात, पण त्यांना मोडणारे कुणी उरत नाही, आणि मुलगी माणसासारखी जगते.

लिही. पाकिटात घालून लिही.

नीराबाई

नागाव, ता. १९ एप्रिल १९३४

माधव,

उत्तर नाही. त्याऐवजी टपालाने ठमीच्या नावे यकृताच्या औषधाच्या दोन बाटल्या आणि पथ्याचा कागद. तूप वर्ज्य, तेल वर्ज्य, डाळ वर्ज्य. मुलगी गेले दहा-बारा दिवस ताक-भात आणि उसाच्या रसावर आहे. जिचे रक्त रोज मोडते आहे तिला तू उपाशी ठेवतोस. शाबास.

ठमीने तुझ्या बाटल्यांवर विसंबून न राहता बायजालाही बोलावले. बायजा आक्षीहून येते, काविळीची माळ घालते. तुला सांगायला नको. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात एकेक गाठीत धरायचे आणि टोपीसारखी घट्ट माळ डोक्यावर बसवायची. जसजशी कावीळ उतरते तसतशी माळ लांबते, कपाळावरून गळ्यात, गळ्यातून पोटावर. कमरेखाली गेली की रोगी बरा.

काल ठमी कुमुदला धरून माझ्यासमोर घेऊन आली.

"वन्सं, बघा. कमरेपाशी आली. भाऊजींचं औषध नि बायजाची माळ, दोन्ही लागू पडलं. आणि डोळे बघा."

डोळे खरेच निवळले होते.

"ठमे, तिचे डोळे दर तीन-चार महिन्यांनी आपसूक निवळतात. माळ घातली नसती तरी निवळले असते."

"मग घातली म्हणून बिघडलं काय?"

मी बायजाने टाकलेल्या उरलेल्या काड्या उचलल्या, तशीच माळ गुंफली आणि न्हाणीघरातल्या तांब्याच्या हंड्याच्या गळ्यात बसवली. काडी सुकते, आकसते, गाठी सैल होतात. आज सकाळी माळ हंड्याच्या बुडाशी पडली होती. मी ठमीला हाक मारली.

"बघ. हंड्याची कावीळ उतरली."

ती आधी हसली. अनंता गेल्यापासून पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसत राहिली, आणि मग त्याच पदरात रडली. मुंबईचे खरे मी तिला तेव्हा सांगितले. नळ्या, गोट्या, पाणथरी, सगळे. माझ्यावर रागावली नाही. फक्त म्हणाली, "पोट फाडायचं म्हणता, वन्सं. एक माणूस गेलं. आता हिचं पोट फाडायचं. भाऊजींनी हो म्हणू दे. ते डॉक्टर आहेत. त्यांच्या शब्दाबाहेर मी नाही."

पाहिलेस? तुझ्या शब्दाबाहेर इथे कुणी नाही. तुझ्या शब्दाने अनंता दारुडा झाला, तुझ्याच शब्दाने पोरगी वाचेल. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, या घरात माझ्या शब्दाची किंमत हंड्याच्या माळेएवढी.

नीराबाई

नागाव, ता. ५ मे १९३४

माधव,

हे पत्र तुकड्यातुकड्यांनी लिहिते आहे. हात दुखतो. उन्हाळा फार आहे, विहिरीचे पाणी खाली गेले आहे आणि मला कंटाळा आला आहे, तुझाही आणि माझ्या आवाजाचाही.

मंगळवारी कुमुद रहाटापाशी पडली. दोन दिवस ताप होता, तिने सांगितला नव्हता. हिरामणने पाहिले आणि उचलून आणली. हो, तोच हिरामण, जिने हाकलले तिला त्यानेच आणले. ओठ कागदासारखे पांढरे, छाती नुसती धडधडत होती. डोळे पिवळे. पोटावर डाव्या बाजूला, बरगडीखाली, हात ठेवला तर पाणथरी हाताला लागते, नारळाच्या करवंटीच्या बेल्यासारखी. तू अनंताची कधी चाचपलीस का? तो उजवीकडे दुखते म्हणाला, म्हणून तू उजवीकडेच पाहिलेस.

मी सरोजिनीला लिहिले. तिचे उत्तर असे. अशा मुलींचे रक्त एखाद्या तापात अचानक कोसळते. या खेपेला सावरेल, पुढच्या खेपेची खात्री ती देत नाही. सर्जनसाहेब तयार आहेत, पण त्यांची एक अट आहे. ते म्हणाले, "तुमच्या कुलाबा जिल्ह्यात निम्म्या मुलांची पाणथरी हिवतापाने वाढलेली असते. एका तपासणीवर मी पोट उघडणार नाही. घराण्यात रोग आहे असे दाखवा. बापाला ज्या डॉक्टरने पाहिले, त्याचे लेखी म्हणणे आणा, किंवा घरातले दुसरे माणूस आणा." आणि ते ता. २६ च्या बोटीने लांब रजेवर स्वदेशी जातात. त्यांच्या मागे जे येतील ते हे करतीलच असे नाही.

मी कुमुदच्या उशाशी बसून हे तिला वाचून दाखवले. तिच्याबद्दलचे तिच्यापासून काय लपवायचे?

ती म्हणाली, "मी जाणार नाही."

"का ग?"

"बाबांनी केलं ते मला भोवतंय. ते कापून काढायचं नसतं."

"बाबांनी काही केलं नाही. मी सांगते ना."

"तुम्ही त्यांच्या बहीण आहात, आत्या. तुम्ही असंच म्हणणार. काका डॉक्टर आहेत."

मी तिला उसाचा रस पाजला. दुसरे काय करणार होते?

आता मी जे लिहिणार आहे ते पाच वेळा लिहून फाडले आहे.

परसातली जांभळीखालची धोंड आठवते तुला? तू सहा-सात वर्षांचा होतास, अनंता नऊचा. मी सुटीत घरी आले होते. त्या धोंडीवर तुम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी बसला होतात, दोघांच्याही डोक्यावर काविळीच्या माळा, राजपुत्रांसारख्या. दोघांचेही डोळे हळदुले. आईने एकाच दिवशी दोघांना माळ घातली होती, आणि तुमची पैज लागली होती, कोणाची आधी खाली येते. तुझी आली. दरवेळी तुझीच यायची. कारण तू ती ओढायचास, माधव. कुणी पाहत नाहीसे पाहून गाठीत बोट घालून ओढायचास. अनंताने पाहिले होते. तो मला म्हणाला, "अक्का, सांगू नकोस हं. त्याला जिंकू दे."

कॉलेजात गेल्यापासून तू काळा चष्मा लावतोस. उन्हाचा त्रास होतो म्हणतोस. तेराव्याच्या दिवशी ओटीवर, चार वाजताच्या सावलीत, तो तुझ्या डोळ्यांवर होता.

सर्जनसाहेबांना घरातले दुसरे माणूस हवे आहे.

नीराबाई

नागाव, ता. १२ मे १९३४

माधव,

काल तुझा कंपाउंडर सदा आला. धुळीने नखशिखांत भरलेला. इथे मोटार सर्व्हिसच धड नाही, अर्धी वाट बैलगाडीने आला बिचारा. ओटीवर उभ्या उभ्या पाठ केलेले म्हणून दाखवले, "साहेबांनी सांगितलंय, आक्कांना म्हणावं, मी विचार करतो आहे, घाई करू नये." आणि आणखी एक बाटली काढली.

मी त्याला बसवले, पोहे दिले, पन्हे दिले. तरुण माणूस खाताना खरे बोलतो. हे मी शाळेत शिकले.

"साहेब बरे आहेत ना?"

"बरे आहेत. म्हणजे, कामात असतात. थोरल्या ताईंच्या लग्नाची बोलणी चाललीत पनवेलला. मंडळी मोठी आहेत. घराण्याची चौकशी फार करतात."

"आणि चष्मा? अजून लावतात?"

"तो काय, दिवा लावल्यावरसुद्धा काढत नाहीत. आम्ही म्हणतो, साहेब झोपतातही लावून." तो हसला, मग घोट घेता घेता थांबला. "पण आक्का, साहेबांना मधेच काही होतं. उजव्या कुशीत चमक येते. मग रोगी बाहेर बसलेले असतात आणि साहेब दार लावून टेबलाला मिठी मारून उभे राहतात. कुणाला सांगू नको म्हणालेत. तुम्ही घरचे, म्हणून."

त्याला मी आणखी पोहे वाढले. मला काहीतरी हातात धरायला हवे होते.

तर असे आहे. चार वाजून दहा मिनिटांनी तू जे बोललास ते अनंताबद्दल नव्हतेच. ती कावीळ दारूची ठरली, की तुझी ती नव्हे. दारू तू पीत नाहीस हे सगळ्यांना ठाऊक आहे. मेलेल्या भावाला दारुडा ठरवले की जिवंत भाऊ निरोगी ठरतो, आणि पनवेलच्या मंडळींपुढे मुलगीही निरोगी ठरते. मला हे समजायला दोन महिने लागले. वय झाले.

मी पनवेलला काही लिहिणार नाही. तू तसे मनात आणू नकोस. नन्सनी आम्हाला धमक्या द्यायला शिकवले नाही, त्या सरळ छडी मारत. लग्न होऊ दे मुलीचे. पण बोलणी पुढे नेण्याआधी तिचे रक्त एकदा त्या नळ्यांत पाहा, लोकांसाठी नव्हे, तिच्यासाठी. कुठल्या सासरी कळ उठली, तर तिला मिठी मारायला माड मिळेलच असे नाही.

मी रागावले होते. अजून आहे. पण राग धरून ठेवायलाही अंगात रक्त लागते आणि या घरात ते कमी पडते आहे. एक भाऊ मी यकृताच्या नावावर घालवला. त्याचे भांडे धुतले, त्याची कळ पाहिली आणि मला काही कळले नाही. दुसरा भाऊ बंद दाराआड टेबलाला मिठी मारून उभा आहे आणि या वेळी मला कळते आहे. ही शिक्षा आहे असे कॉन्व्हेंटात म्हणाले असते. मी फक्त म्हणते, पुरे.

कुमुद आज उठून बसली. ठमीने तिची वेणी घातली. तुझा पथ्याचा कागद मी चुलीत घातला आणि तिला वरणावर तूप वाढले. ठमीने पाहिले आणि तुपाचे भांडे माझ्याकडे सरकवले. हिरामणने काल शहाळी आणून दिली. कुमुदने ती घेतली, पण त्याच्याकडे पाहिले नाही. त्याला ते पुरले.

आता मागणी. तोंडी निरोप मी घेणार नाही, सदाला पुन्हा इतक्या लांब दामटू नकोस. ता. १८ मे, शुक्रवार, संध्याकाळच्या टपालापर्यंत माझ्या हातात तुझ्या अक्षरातले पाकीट हवे. त्यात सर्जनसाहेबांसाठी असे लिही की अनंताला लहानपणापासून ही कावीळ होती, लघवी स्वच्छ असे, शेवटी खडा अडकला असावा, आणि ती त्याच्या सख्ख्या भावालाही आहे. ठमीसाठी एक ओळ लिही, पोरीला मुंबईला पाठव. आणि कुमुदसाठी, तिचे नाव घालून, वेगळ्या कागदावर, तिच्या बापाबद्दल जे खरे आहे ते. ओटीवरच्या माणसांना मी सोडून दिले. त्यांना काय सांगायचे ते तुझे तू ठरव.

पत्र आले, तर आम्ही तिघी शनिवारी रेवसहून निघू. धक्क्यावर तू उभा असलास तर सरोजिनीने आणखी एक रांग नळ्यांची तयार ठेवली आहे. दंड पुढे करायला धीर लागत नाही, मी करून पाहिले आहे.

पत्र नाही आले, तर २६ तारखेला त्या गोऱ्या माणसाची बोट सुटेल आणि मी पुन्हा कधी तुला पत्र लिहिणार नाही.

आशीर्वाद पहिल्या पत्रापासून रोखून ठेवले आहेत. तुझ्या उत्तरावर एकदम देईन.

लिहायला बसशील तेव्हा दार लाव आणि चष्मा काढून ठेव. मी डोळे पाहिलेले आहेत, माधव. माझ्यासाठी तो लावायची गरज नाही.

अक्का